शॉकअप पुढे, हँडल हलकं: जुन्या मोटोक्रॉस गाड्यांतल्या फेरफारांची पार्श्वभूमी

१९७० च्या सुमाराची मोटोक्रॉस गाडी (खडबडीत मातीच्या ट्रॅकवर उड्या मारत शर्यत खेळायची मोटरसायकल) बाजूने पाहिली की मागचे दोन्ही शॉकअप जवळजवळ उभे दिसतात, मागचं चाक धरणाऱ्या चिमट्याच्या (स्विंगआर्मच्या) शेवटाला, एक्सलच्या शेजारी. चाकाला वर-खाली व्हायला जेमतेम ४ इंच. उडी जरा मोठी झाली की शॉकअप तळाला बसायचा आणि दणका थेट स्वाराच्या कमरेत जायचा.

बेल्जियमच्या लुसियन टिल्केन्सने दोन शॉकअप काढून टाकीखाली एकच लांब शॉकअप बसवला आणि चिमटा त्रिकोणी केला. (असा त्रिकोणी चिमटा ब्रिटनच्या फिलिप व्हिन्सेंटने १९२८ सालीच आणला होता.) यामाहाने टिल्केन्सची रचना घेतली आणि १९७३ मध्ये तिच्यावर हाकन अँडरसन २५० सीसीचा जगज्जेता झाला.

बाकीच्यांकडे दोन शॉकअपच होते. मग जर्मनीच्या मायकोसारख्या कंपन्यांनी आणि असंख्य घरगुती वेल्डरांनी शॉकअप जिथे बोल्टने बसतो ते कानच कापून पुढे सरकवले. तेवढ्याच दांड्यात चाक जास्त हलू लागलं, पण तरफेचा हिशोब कुणाला सुटत नाही. स्प्रिंग कडक लागली, तेल तापून फेसाळलं आणि चार फेऱ्यांत शॉकअपचा दम गेला. मोटोक्रॉसमध्ये गॅस भरलेले शॉकअप पसरले ते याच गरजेतून.

माझ्या मते खरी मेख मात्र पुढच्या टोकाला आहे. चाकाला जास्त हलायला जागा द्यायची तर गाडी मागून उचलावी लागते. १,४०० मिमी व्हीलबेसच्या (दोन चाकांच्या एक्सलमधल्या अंतराच्या) गाडीची मागची बाजू २५ मिमी उचलली, की फोर्कचा (पुढचं चाक धरणाऱ्या दांड्यांचा) कोन सुमारे १ अंशाने उभा होतो. २१ इंची चाकावर ट्रेल, म्हणजे हँडलच्या अक्षाची रेषा जमिनीला टेकते तिथपासून चाक टेकतं तिथपर्यंतचं अंतर, सात-आठ मिमीने घटते. गाडी वळणात झटकन शिरते, पण सरळ खडबडीत रस्त्यावर वेगात हँडल थरथरू लागतं. म्हणून फोर्कही लांब करावा लागतो. मग गाडीच उंच होते, चिमट्याचा उतार वाढतो आणि चाक वर-खाली होताना चेन कधी ताणते, कधी लोंबते. मागचा एक कान हलवला, तर सगळी गाडी पुन्हा मांडावी लागते.

अमेरिकेतल्या ए.एच.आर.एम.ए. संस्थेने जुन्या गाड्यांच्या व्हिंटेज मोटोक्रॉस वर्गांना चाकाच्या हालचालीवर पुढे ७ आणि मागे ४ इंचांची मर्यादा घातली आहे, म्हणजे १९७४ च्या सुमारास शॉकअप पुढे सरकू लागण्याआधीची. त्यामुळे तिथे उतरणारा माणूस नवा शॉकअप आणला, तरी आधी त्यात हालचाल रोखणारा स्पेसर (अडसर-तुकडा) टाकतो आणि चाक हाताने वर ढकलून पट्टीने मोजतो.