प्रौढ मताधिकार आणि साक्षरता (भारत)

ठरावीक वय पूर्ण केलेल्या प्रत्येक नागरिकाला शिक्षण, मालमत्ता, जात वा लिंग न पाहता मिळणारा मताचा हक्क. भारतात तो संविधानाच्या कलम ३२६ ने आला. तेव्हा वयाची अट २१ वर्षांची होती. ६१ व्या घटनादुरुस्तीने १९८९ मध्ये ती १८ वर आली.

इंग्रजी अमलात, अगदी १९३५ च्या भारत सरकार कायद्याखालीही, मतदार व्हायला मालमत्ता, कर किंवा शिक्षण यांपैकी काहीतरी पदरी असावे लागे. ‘आधी शिका, मग मत द्या’ हे कित्येक सुशिक्षितांनाही रास्त वाटे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना ते मान्य नव्हते. भारताच्या राज्यकारभारातील सुधारणा तपासायला ब्रिटिशांनी नेमलेल्या सायमन कमिशनच्या काळात त्यांनी प्रौढ मताधिकार मागितला. अक्षरओळख आणि समज या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, अशी त्यांची मांडणी होती. ज्यांना पिढ्यानपिढ्या शाळेच्या पायरीवर चढू दिले नाही, त्यांना निरक्षर म्हणून मतही नाकारायचे, हा एकाच माणसावर दोनदा केलेला अन्याय ठरला असता.

१९५१ च्या जनगणनेत शंभरात जेमतेम १८ जण साक्षर होते, स्त्रियांत तर नऊच. अशा देशात १७ कोटींहून अधिक मतदारांची पहिली निवडणूक १९५१–५२ मध्ये पार पडली. मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनी तिची पद्धतच न वाचणाऱ्या माणसाला डोळ्यांपुढे ठेवून आखली. प्रत्येक उमेदवाराची पेटी वेगळी, तिच्यावर त्याचे चिन्ह. मतदाराने बोटाला शाई लावून घ्यायची, पडद्याआड जायचे आणि हातातला कागद हव्या त्या पेटीत टाकायचा. लिहायचे काहीच नाही. काँग्रेसची बैलजोडी, समाजवादी पक्षाचे वडाचे झाड, किसान मजदूर प्रजा पक्षाची झोपडी, आंबेडकरांच्या शेड्यूल्ड कास्ट फेडरेशनचा हत्ती : ही चिन्हे ओळखायला कुणाला शाळेत जावे लागत नव्हते.

खरी अडचण आली ती मतदारयाद्या करताना. उत्तर आणि मध्य भारतातल्या असंख्य स्त्रियांनी स्वतःचे नाव सांगितलेच नाही. अमक्याची बायको, तमक्याची आई, एवढेच. नाव नाही तर मतदार नाही, असे सेन यांनी ठरवले आणि सुमारे २८ लाख स्त्रिया वगळल्या गेल्या. निर्णय कठोर होता, पण नागरिक म्हणजे स्वतःचे नाव असलेली व्यक्ती, हे त्यातून प्रथमच घरोघर पोचले.

शिक्षणाची बाजू मात्र रखडली. सक्तीचे प्राथमिक शिक्षण महात्मा फुल्यांनी १८८२ मध्ये इंग्रज सरकारच्या हंटर शिक्षण आयोगापुढे मागितले होते, गोपाळ कृष्ण गोखल्यांनी १९११ मध्ये त्यासाठी विधेयक आणले होते आणि शाहू महाराजांनी १९१७ मध्ये कोल्हापुरात ते मोफत व सक्तीचे केलेही होते. संविधानाने कलम ४५ मध्ये चौदा वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी दहा वर्षांची मुदत घातली, पण ते मार्गदर्शक तत्त्व. त्यासाठी कोर्टात दाद मागता येत नव्हती. मूलभूत हक्क म्हणून शिक्षण २००२ च्या ८६ व्या घटनादुरुस्तीत आले आणि १ एप्रिल २०१० ला अमलात आले. १९५२ मध्ये पेटीत कागद टाकणाऱ्या निरक्षर बाईची नातवंडे तोवर प्रौढ झाली होती. काही शिकून, काही शाळेचे तोंडही न पाहता.