घाम दिसत नाही, पण येतोच

“अमेरिकेतल्या फिनिक्स शहराची उष्णता कोरडी, घामच येत नाही, तिथला कॅमलबॅक डोंगर भर दुपारीही चढता येतो,” हे ऐकून कान किटले. घाम येतोच! कोरड्या हवेत तो अंगावर टिकत नाही, लगेच उडून जातो. शर्ट कोरडाच राहतो, त्यामुळे किती पाणी गेलं याचा पत्ताच लागत नाही. चढावर तासाला लिटरभर सहज जातं. डोंगर जेमतेम 824 मीटर उंच, पण सावली जवळपास नाही आणि तापलेला खडक खालूनही भाजतो. 2021 पासून अतिउष्णतेच्या इशाऱ्याच्या दिवशी महापालिका ही वाट भर उन्हाच्या तासांत बंदच ठेवते. आणि हो, निवडुंग कापून पाणी पिण्याचा तो सल्ला? त्या गराने उलट्या होऊ शकतात, म्हणजे अंगातलं उरलंसुरलं पाणीही जायचं.