अझुलेजोला लागलेला लोणा

जुन्या पोर्तुगीज अझुलेजोचा, म्हणजे चित्रित फरशीचा, टवका उडाला की लोक म्हणतात, 'रंग गेला'. रंग जात नसतो. निळा कोबाल्ट शिसं-कथिलाच्या झिलईत वितळून काचेचाच भाग झालेला असतो. उन्हानं तो विटत नाही. पडते ती झिलई, आणि तिला मागून ढकलतं मीठ.

भिंतीतली ओल विरघळलेले क्षार घेऊन फरशीच्या सच्छिद्र भाजक्या मातीत शिरते. झिलईतून पाणी बाहेर पडत नाही. ते सांध्यांतून आणि केसासारख्या तड्यांतून उडतं. क्षार पृष्ठभागावर साचले तर ब्रशनं झटकता येतात. झिलईखाली साचले तर घात होतो. साधं मीठ हवेची आर्द्रता सुमारे 75 टक्क्यांवर गेली की विरघळतं, खाली आली की पुन्हा स्फटिक होतं. म्हणून गोव्यात भर पावसाळ्यापेक्षा त्यानंतरचे, रोज हा उंबरठा ओलांडणारे दिवस जास्त घातक.

सोडियम सल्फेट त्याहून वाईट. 'ते पाणी पिऊन फुगतं' हे स्पष्टीकरण अपुरं आहे. 32.4 अंश सेल्सिअसखाली कोरडं सल्फेट भिजलं की जे द्रावण होतं, ते पाण्याचे दहा रेणू धरणाऱ्या स्फटिकाच्या हिशेबानं अतिसंपृक्त असतं, म्हणजे त्यात मावेल त्याहून जास्त क्षार असतो. मग तो स्फटिक झपाट्यानं वाढतो. छिद्राची भिंत आणि स्फटिक यांच्यामध्ये द्रावणाचा पातळ पापुद्रा टिकून राहतो, त्यामुळे भिंतीला टेकल्यावरही वाढ थांबत नाही, दाब चढत जातो.

हातात धरायचं एक्स-रे यंत्र शिसं, कथील, कोबाल्ट लगेच दाखवतं. सोडियमचे क्षीण किरण मात्र हवेतच शोषले जातात. त्यासाठी मागच्या बाजूनं वेगवेगळ्या खोलीवरची भुकटी काढून, पाण्यात विरघळवून आयन क्रोमॅटोग्राफी, म्हणजे पाण्यातले क्षार वेगळे करून मोजणारी चाचणी, करावी लागते.

उपचारात आधी सुटणारी झिलई अ‍ॅसिटोनमध्ये विरघळवलेल्या पॅरालॉइड बी-72 या अ‍ॅक्रिलिक राळेनं धरून ठेवायची. नाहीतर ती पाण्यातच गळून पडते. मग काढलेली फरशी आयनमुक्त, म्हणजे क्षार काढून टाकलेल्या, पाण्यात बुडवायची, पाणी बदलत राहायचं आणि प्रत्येक वेळी त्याची विद्युतवाहकता मोजायची. नव्या पाण्यातही ती फारशी चढेनाशी झाली की थांबायचं. अ‍ॅसिड कधीच नको, कारण माती चुनखडीयुक्त असते. परत बसवताना चुना वापरावा. सिमेंट स्वतःचे क्षार आणतं, शिवाय इतकं घट्ट धरतं की पुढे काढताना फरशीच फुटते.

'वॉटरप्रूफ कोटिंग मारा, काम झालं' ही जाहिरात तर सरळ दिशाभूल आहे. ओल मागून येते. पुढची वाट बुजवली तर स्फटिक आणखी आत, झिलईच्या पाठीशीच साचतात. गळकं छप्पर किंवा पायातली ओल आधी थांबवली नाही, तर धुऊन लावलेली फरशीही पुन्हा लोणा धरते.