वायरमनचा परवाना की ठेकेदाराचा?

सांगलीकडे खांबावर चढणारा महावितरणचा माणूसही ‘वायरमन’ आणि घरात पाइप टाकून वायर ओढणारा मिस्त्रीही ‘वायरमन’च. मिस्त्रीने परवान्याचं कार्ड दाखवलं की कागदाचं काम झालं, असं घरमालकाला वाटतं. तिथंच चुकतं.

वायरमनचा परवाना माणसाच्या हाताला असतो. तो वायरिंग करू शकतो, पण परवानाधारक ठेकेदाराच्या वतीने आणि पर्यवेक्षकाच्या देखरेखीखाली. ठेकेदाराचा परवाना जबाबदारी घेण्यासाठी असतो. नवीन जोडणीच्या किंवा भारवाढीच्या (मंजूर लोड वाढवण्याच्या) अर्जाला जोडायचा टेस्ट रिपोर्ट, म्हणजे वायरिंग तपासल्याचा दाखला, त्याच्या सही-शिक्क्याशिवाय चालत नाही. बल्ब, पंखा, फ्यूज, स्विच जशास तसा बदलायला यातलं काही लागत नाही. गिझरसाठी नवी लाइन काढली की लागतं.

गडबड होते ती टेस्ट रिपोर्टमध्येच. शिक्का मारलेला कोरा फॉर्म आणून मिस्त्रीच तो भरतो, मेगर (वायरच्या आवरणातून वीज गळते का ते मोजणारं यंत्र) कोणी लावतच नाही. हे अजिबात चालवून घेऊ नका. मेन बंद करायचा, सगळ्या पिना काढायच्या, बल्ब उतरवायचे, स्विच चालू ठेवायचे आणि ५०० व्होल्टचा मेगर एक मिनिट लावायचा. फेज-न्यूट्रल आणि फेज-अर्थ, दोन्ही रीडिंग किमान १ मेगाओहम हवीत. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात पाणी शिरलेल्या घरांत तर हे टाळूच नये. भिंत वरून कोरडी दिसते, पण पाइपच्या बेंडात आणि स्विचच्या पेटीत गाळ नि ओल राहते. रीडिंग कमी आलं तर लाइन एकेक सोडवून तपासायची आणि खराब वायर बदलायची.

घराला ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळली की पुरवठा आपोआप तोडणारा स्विच) हवा. तो सारखा पडतो म्हणून बायपास करून देणाऱ्याला तिथंच थांबवा. जुन्या घरात बहुतेकदा न्यूट्रल कुठंतरी अर्थला जोडलेला असतो. तो जोड शोधून काढला की आरसीसीबी टिकतो.

भारही खरा लिहून घ्या. २ किलोवॅटचा एकटा गिझर पावणेनऊ अँपिअर ओढतो, मग अर्जात १ किलोवॅट कसा चालेल?

पैसे देण्याआधी रिपोर्टवरचा परवाना क्रमांक ठेकेदाराच्या मूळ परवान्याशी ताडून पाहा, आणि मुदतीची तारीखही.