घातलेला उखाणा, घेतलेला उखाणा : सीमाभागातील शब्दखेळांची पार्श्वभूमी

बेळगाव, खानापूर, निपाणी आणि चिकोडी या परिसरातील मराठी शाळांच्या भाषेच्या तासाला, तसेच वाढदिवस, बारसे, हळदीकुंकू, स्नेहसंमेलन अशा मेळाव्यांत आज जे सामूहिक शब्दखेळ खेळले जातात, ते सगळे एकाच घरातले वाटतात. भेंड्या, नाव-गाव-फळ-फूल, कानगोष्ट, दमशेराज, उखाणे आणि कोडी ही त्यांतली नेहमीची नावे. त्यांचे उगम मात्र निरनिराळे आहेत. काही माजघरातून आले, काही अंगणातल्या फेरातून, काही रेडिओवरच्या गाण्यांच्या आधाराने वाढले, आणि शाळेने त्यांना दाराच्या आत घेतले ते फार उशिरा. या वाटचालीत सर्वांत मोठी गुंतागुंत एका शब्दाची झाली. तो शब्द उखाणा. या टिपणात त्याला इतरांपेक्षा जास्त जागा दिली आहे, कारण तो नीट उलगडल्याशिवाय इथल्या खेळांचे स्वरूपच कळत नाही.

कोड्यात बोलण्याची रीत येथील दोन्ही भाषांत जुनी आहे. बाराव्या शतकातील कन्नड वचनांत, म्हणजे शिवभक्तांच्या छोट्या मुक्त रचनांत, ‘बेडगिन वचन’ या नावाने ओळखला जाणारा गूढार्थी प्रकार आहे. तेराव्या शतकापासून मराठी संतांच्या रचनेत कूट अभंग आढळतात. दोन्हींत एक गोष्ट समान आहे, ती म्हणजे बसलेल्या मंडळींपैकी कोणीतरी अर्थ सोडवावा ही अपेक्षा. भजनाच्या बैठकीतला कूटाचा अर्थ आणि चुलीपुढे आजीने नातवंडांना घातलेले कोडे यांत भक्तीचा भाग सोडला, तर खेळाची रीत तीच आहे.

उखाणा हा शब्द जुन्या पिढीच्या बोलण्यात दोन क्रियापदांबरोबर येतो आणि त्याचा अर्थ क्रियापदच ठरवते. उखाणा घालणे म्हणजे कोडे घालणे. समोरच्याने ते सोडवायचे. उखाणा घेणे म्हणजे यमक साधून नवऱ्याचे किंवा बायकोचे नाव उच्चारणे. ‘हिरवी पेटी काट्यात पडली, उघडून पाहिली तर मोत्यांनी भरली’ हा घातलेला उखाणा आहे आणि त्याचे उत्तर भेंडी. ‘कणकुंबीला उगवली मलप्रभा, खानापुरात वळली, अमुकरावांच्या घरची रीत मला आल्या दिवशी कळली’ हा घेतलेला उखाणा आहे. पहिल्यात वस्तू लपवायची असते आणि ऐकणाऱ्याने ती शोधायची असते. दुसऱ्यात एरवी तोंडावर न येणारे नाव ओळींच्या आडोशाने सर्वांसमोर आणायचे असते. नवऱ्याचे नाव उच्चारू नये असा दंडक असलेल्या घरांत ही एक परवानगी होती, आणि ती मिळण्याचे प्रसंगही ठरलेले होते : लग्नातला घास, संक्रांतीचे हळदीकुंकू, डोहाळजेवण, बारसे, मंगळागौर.

हा गुंता एकट्या मराठीचा नाही. उत्तर कर्नाटकातील कन्नडमध्ये ‘ओडपु’ हा शब्द कोड्यालाही लागतो आणि बायका नवऱ्याचे नाव गुंफून ज्या ओळी म्हणतात त्यांनाही लागतो. कोड्यासाठी कन्नडमध्ये ‘ओगटु’ हा दुसरा शब्द आहे, जसा मराठीत कोडे आहे, कोकणच्या बाजूला हुमाण आहे. म्हणजे शेजारी शेजारी राहणाऱ्या दोन भाषांनी एकाच शब्दात हे दोन्ही खेळ साठवले. कोणी कोणाकडून घेतले या प्रश्नावर येथे उगाच वाद घातला जातो. मला स्वतःला त्याहून महत्त्वाची वाटते ती ही गोष्ट की, बेळगावच्या एखाद्या गल्लीत मराठी सून आणि कानडी सून एकाच हळदीकुंकवाला बसल्या, तर दोघींनाही काय करायचे हे समजावून सांगावे लागत नाही. वरच्या कोड्याचेच पाहा. भेंडीला कन्नडमध्ये बेंडेकायी म्हणतात, पेटीला पेट्टिगे आणि मोत्याला मुत्तु. कोडे एका भाषेतून दुसरीत नेताना उत्तरसुद्धा फारसे परके होत नाही.

दोन अर्थांपैकी एक मागे पडला तो अलीकडच्या काळात. २००४ पासून एका मराठी वाहिनीवर घरोघरी जाऊन गृहिणींबरोबर खेळ खेळण्याचा आणि जिंकणारीला पैठणी देण्याचा कार्यक्रम लोकप्रिय झाला. त्याच धर्तीचे स्पर्धात्मक कार्यक्रम सीमाभागातल्या गावांतही होऊ लागले. त्यांत उखाणा म्हणजे नाव घेणे हाच अर्थ पक्का झाला. लग्नसमारंभांसाठी तयार उखाण्यांच्या पुस्तिका आधीपासून मिळत होत्या. मोबाइल आल्यावर त्यांची जागा पाठवापाठवीने घेतली. कोड्याचा उखाणा पैठणीच्या खेळात बसला नाही, कारण तो सोडवायला वेळ लागतो आणि व्यासपीठावर तेवढा वेळ कोणी देत नाही. यात मोठे नुकसान झाले असे माझे स्पष्ट मत आहे. घेतलेला उखाणा पाठ करता येतो. घातलेल्या उखाण्यापुढे ऐकणाऱ्याला भाषा वापरून विचार करावा लागतो, आणि भाषेच्या तासाला तर नेमके तेच हवे असते.

शाळांच्या संमेलनांत या गुंत्याचा प्रत्यक्ष परिणाम दिसतो. खानापूर तालुक्यातील एका शाळेत काही वर्षांपूर्वी ‘उखाणे स्पर्धा’ जाहीर झाली. आजीकडून शिकून आलेल्या दोन मुलांनी कोडी घातली आणि परीक्षकांनी ती विषयाला धरून नाहीत म्हणून बाद केली. उरलेल्या मुलींना नाव कोणाचे घ्यायचे हा पेच होता. सातवी-आठवीच्या मुलीने काल्पनिक नवऱ्याचे नाव घ्यावे हे काही पालकांना रुचले नाही, आणि त्यांचा आक्षेप रास्त होता. मग आईचे, गावाचे, शाळेचे किंवा आवडत्या पुस्तकाचे नाव घ्यावे असा तोडगा निघाला. तो आता अनेक ठिकाणी वापरला जातो आणि त्यातून सुंदर ओळीही तयार होतात. तरी बाद झालेल्या त्या दोन मुलांचे कोणी ऐकून घेतले नाही, ही खंत उरते. त्यांच्या आजीच्या दृष्टीने ती मुले अगदी बरोबर होती.

सीमाभागात हादगा या नावाने ओळखला जाणारा मुलींचा खेळ शब्दखेळांचा दुसरा मोठा स्रोत आहे. सूर्य हस्त नक्षत्रात असताना हत्तीच्या चित्राभोवती फेर धरून गाणी म्हटली जातात, हे वाचकांना माहीत आहेच. भाषेच्या दृष्टीने रंगतदार भाग शेवटी येतो. ज्या घरचा हादगा त्या घरची बाई झाकलेला डबा घेऊन दारात उभी राहते आणि मुलींनी खिरापत ओळखायची असते. गोड की तिखट, ओली की कोरडी, दाण्याची की डाळीची, तळलेली की भाजलेली, असे प्रश्न चोहोबाजूंनी येतात. डबा हलवून त्याचा आवाज ऐकवला जातो. एखादी धीट मुलगी झाकणाजवळ नाक नेते आणि तिला मागे ओढले जाते. नुसते पदार्थांचे नाव फेकून चालत नाही, आधी गुण विचारून घ्यावे लागतात, म्हणून विशेषणांचा असा सराव कोणत्याही व्याकरणाच्या पाठात होत नाही. आज काही शिक्षिका कापडी पिशवीत वस्तू ठेवून वर्गात ओळखायला लावतात. तो खेळ बाहेरून आणलेला नाही, ती खिरापतच आहे.

शाळेकडे वळायचे, तर १ नोव्हेंबर १९५६ रोजी हा भाग मुंबई राज्यातून तेव्हाच्या म्हैसूर, म्हणजे आजच्या कर्नाटक राज्यात गेला. मराठी शाळा चालू राहिल्या, पुढे त्यांची पाठ्यपुस्तकेही त्याच राज्यात तयार होऊ लागली आणि मराठी मुलांच्या वेळापत्रकात कन्नडला स्थान मिळाले. १९८०च्या दशकात शाळेतली पहिली भाषा कोणती या प्रश्नावर मोठी आंदोलने आणि पुढे न्यायालयीन लढाया झाल्या. त्या काळात भाषेचा तास हा हक्काचा विषय होता, आणि तसा तो असणे स्वाभाविकही होते. खेळ तेव्हा शनिवारच्या शेवटच्या तासापुरता किंवा सहलीच्या बसपुरता उरला.

सहलीच्या त्या बसमध्येच भेंड्या वाढल्या. धारवाडचे आकाशवाणी केंद्र १९५० पासून आणि सांगलीचे १९६३ पासून ऐकू येत असल्याने गाण्यांचा साठा दोन्ही भाषांत होता, हिंदी चित्रपटगीते तर होतीच. १९९३ मध्ये एका हिंदी उपग्रह वाहिनीवर अंताक्षरीचा कार्यक्रम सुरू झाल्यावर गट, फेऱ्या आणि गुण ही पद्धत घरगुती मेळाव्यांतही आली. शब्दांच्या भेंड्यांत मात्र इथली एक जुनी अडचण कायम राहिली. मराठीत ळ आणि ण या अक्षरांनी शब्द सुरू होत नाहीत, आणि नारळ, जांभूळ, कमळ असे शब्द आले की साखळी तुटते. कन्नडमध्ये फळांची नावे ‘हण्णु’ने संपतात, त्यामुळे बाळेहण्णु म्हटले की समोरच्याच्या वाट्याला ण येतो आणि तोही अडकतो. ळ आल्यास ल घ्यायचा, ण आल्यास न घ्यायचा, हा नियम दोन्ही बाजूंच्या मुलांनी कोणी न शिकवता स्वीकारलेला आहे.

सरकारी पातळीवर खेळातून शिकवण्याची भाषा सुरू झाली ती १९९०च्या दशकात. १९९४-९५ मध्ये सुरू झालेल्या जिल्हा प्राथमिक शिक्षण कार्यक्रमात कर्नाटकातील पहिल्या चार जिल्ह्यांत कोलार, मंड्या आणि रायचूरबरोबर बेळगाव होते. १९९५ मध्ये म्हैसूर जिल्ह्यातील हेग्गडदेवनकोटे तालुक्यात ‘नलि-कलि’ हा प्रयोग सुरू झाला, ज्याचा अर्थ बागडत शीक असा करता येईल. २००९-१० पासून तो राज्यभरातील सरकारी शाळांच्या प्राथमिक वर्गांत पसरला. पुढे २०१५च्या कायद्याने राज्यातील सर्व शाळांत कन्नड ही एक भाषा म्हणून शिकवणे सक्तीचे झाले. ज्या घरांत कन्नड कानावर पडत नाही तिथल्या मुलांना ती सोपी करून देण्यासाठी खेळांची गरज वाढली. या बाबतीत माझे मन भाषेच्या राजकारणापेक्षा वर्गातल्या मुलाकडे ओढले जाते. त्याला अण्णा, अक्का, तूप, अडकित्ता हे शब्द दोन्हींकडे ओळखीचे आहेत हे खेळातून कळले, तर त्याची भीती पहिल्याच आठवड्यात निम्मी होते.

कानगोष्टीचा अनुभवही सांगण्यासारखा आहे. शिक्षिका पहिल्या मुलाच्या कानात प्रमाण मराठीतले वाक्य सांगते : ‘तो अंगणात काय करतो आहे?’ पंधरा-वीस कान फिरून ते शेवटच्या मुलाकडे येते तेव्हा पुष्कळदा ‘त्यो अंगणात काय करूलाय?’ असे झालेले असते. अर्थ जिथल्या तिथे आहे, रूप मात्र घरचे झाले आहे. पूर्वी हे चूक म्हणून हसण्यावारी नेले जाई. आता काही शिक्षक दोन्ही वाक्ये फळ्यावर शेजारी लिहितात आणि कोणते कुठे बोलायचे हे मुलांनाच सांगायला लावतात. हे पाऊल योग्य दिशेचे आहे. बेळगावची बोली शाळेच्या दाराबाहेर ठेवून मराठी टिकणार नाही.

नाव-गाव-फळ-फूल या खेळात अलीकडे एक नवा वाद दाखल झाला. १ नोव्हेंबर २०१४ रोजी राज्यातील १२ शहरांची नावे बदलली. बेळगाव आणि बेळगावी ही दोन्ही ब वरच येतात, त्यामुळे तेथे भांडण अक्षराचे नसते, मनाचे असते. गुलबर्गा मात्र कलबुर्गी झाले आणि एकच शहर ग आणि क या दोन अक्षरांवर लिहिता येऊ लागले. एकट्याने लिहिलेल्या उत्तराला १० गुण आणि दोघांचे सारखे आले तर ५, या हिशेबात बेळगाव आणि बेळगावी सारखे धरायचे की वेगळे, यावर मुले तावातावाने बोलतात. बहुतेक घरांत जे नाव लिहिले ते मान्य, पण शहर एकच असल्याने गुण पाचच, असा निवाडा होतो. मोठ्यांच्या अनेक निवाड्यांपेक्षा तो मला शहाणपणाचा वाटतो.

२०२० मध्ये शाळा बंद असताना राज्यात ऑगस्टपासून ‘विद्यागम’ या नावाने वस्तीवर जाऊन शिकवण्याची योजना चालली. देऊळ, समाजमंदिर, झाडाचा पार अशा ठिकाणी लहान गट बसवले जात. ऑक्टोबरमध्ये ती स्थगित झाली. पण त्या दोन महिन्यांत फळा नाही आणि पुस्तके अपुरी अशा स्थितीत तोंडी खेळांना पुन्हा मान मिळाला, आणि पारावर बसलेल्या आज्ज्या आपसूक त्या गटांत सामील झाल्या. कोड्यांचे उखाणे त्यांनाच येत होते.

त्यानंतर मी पाहिलेल्या काही वर्गांत घातलेला उखाणा परत आला आहे. मूल घरून एक कोडे आणते, वर्ग ते सोडवतो, आणि उत्तर मराठीत व कन्नडमध्ये अशा दोन्ही भाषांत द्यायचे असते. कडोली, येळ्ळूर, उचगाव, सांबरे अशा गावांत होणाऱ्या साहित्य संमेलनांत बालविभागासाठी अशी एक बैठक ठेवता येईल. तिथे ‘उखाणे’ असे नुसते न लिहिता ‘घालायचे उखाणे’ असे पत्रिकेवर छापावे लागेल, नाहीतर मुले पुन्हा बाद होतील.