एल निनो वेगळा, आयओडी वेगळा, आणि नदीचं गणित त्याहून वेगळं

मे महिना लागला की व्हॉट्सअ‍ॅपवर फॉरवर्ड फिरायला लागतात की यंदा एल निनो (सहसा आपला पाऊस कमी करणारा) आहे पण आयओडी (हिंदी महासागरातल्या तापमानाचा फरक) पॉझिटिव्ह आहे म्हणजे टेन्शन नाही, आणि बरेच जण त्यावर पेरणीचा, कर्जाचा, बोअर मारायचा हिशोब करतात. म्हणून हे जरा नीट लिहितोय, कारण या दोन गोष्टी एकमेकींत मिसळल्या की नुकसान शेतकऱ्याचंच होतं.

एल निनो हा पॅसिफिकमधला प्रकार, म्हणजे आपल्यापासून हजारो किलोमीटर लांब. एरवी तिथले व्यापारी वारे गरम पाणी इंडोनेशियाकडे ढकलत राहतात, हवा तिकडे वर चढते आणि तिकडेच धो धो पाऊस. एल निनोत हे वारे ढिले पडतात, गरम पाणी पेरूच्या बाजूला पसरतं, वर चढणारी हवा पण पाण्याच्या मागोमाग पूर्वेकडे सरकते आणि मग इंडोनेशियापासून भारतापर्यंत हवा खाली दाबली जाते. अशा हवेत ढग वाढत नाहीत. मध्य पॅसिफिकचं पाणी सरासरीपेक्षा साधारण अर्धा अंश गरम राहिलं, आणि तेही काही महिने सलग, की एल निनो धरतात.

आयओडी म्हणजे इंडियन ओशन डायपोल, हा आपल्याच हिंदी महासागरातला. इथं एका जागेचं तापमान बघत नाहीत, दोन टोकांतला फरक बघतात, एक टोक आफ्रिकेच्या बाजूला आणि दुसरं सुमात्राच्या बाजूला. पश्चिमेचं टोक तुलनेनं गरम झालं की पॉझिटिव्ह, आणि ते सहसा आपल्या मान्सूनला मदत करतं. 1999 मध्ये साजी, यामागाता या शास्त्रज्ञांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याची नीट मांडणी केली. त्याआधी 1997 ला जबरदस्त एल निनो असूनही देशात सरासरीच्या 102 टक्के पाऊस झाला होता आणि त्याच वर्षी आयओडी पण जोरात पॉझिटिव्ह होता. फॉरवर्डमधला "एल निनो कॅन्सल" हा समज बहुतेक तिथूनच आलाय.

पण 2015 बघा. एल निनो तगडा होता, आयओडी पण पॉझिटिव्हकडेच होता, तरी देशात 86 टक्केच पाऊस आणि मराठवाड्यात जवळपास 40 टक्के तूट. म्हणजे कॅन्सल वगैरे काही होत नाही, दोन्हीचा जोर किती आणि वेळ कुठली यावर सगळं ठरतं. वेळेचा मुद्दा तर फार लोक विसरतात. आयओडी सहसा सप्टेंबर ते नोव्हेंबरमध्ये शिखरावर असतो, जून-जुलैत तो नुसता आकार घेत असतो, म्हणजे पेरणीच्या वेळेला त्याचा भरवसा धरायला जागा कमीच. 2023 ला एल निनो आणि पॉझिटिव्ह आयओडी दोन्ही होते, आणि ऑगस्ट 1901 पासूनचा सगळ्यात कोरडा गेला, सप्टेंबरला पाऊस परतला पण तोवर ज्यांचं सोयाबीन फुलात असताना करपलं त्यांना त्याचा काय उपयोग.

आता नदीचं. 2015 च्या दुष्काळानंतर एप्रिल 2016 मध्ये लातूरला रेल्वेनं पाणी गेलं ते आठवत असेल. ते मिरजेहून गेलं, कृष्णेचं पाणी. एकाच एल निनोत कृष्णेत दुसऱ्याला द्यायला पाणी होतं आणि लातूरला पाणी देणारं मांजरा धरण मात्र कोरडं ठाक, कारण कृष्णा महाबळेश्वरला उगवते, कोयना-वारणेसारख्या घाटातल्या नद्या तिला मिळतात, आणि सह्याद्रीच्या माथ्यावर वाईट वर्षातही हवा चढली की पाऊस पडतोच, कमी पडला तरी पडतो. मांजरा बालाघाटच्या डोंगरात उगवते, पर्जन्यछायेत. तिथं थोडी तूट म्हणजे थेट धरणाचा तळ.

2019 ला उलटं. त्या वर्षी आयओडी खूपच तगडा पॉझिटिव्ह होता, देशात 110 टक्के पाऊस झाला. ऑगस्टमध्ये सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ पाणी 57 फुटांपर्यंत गेलं, धोक्याची पातळी 45 फूट असताना, घरांच्या वरच्या मजल्यांवरून लोकांना बोटीनं काढावं लागलं. आणि त्याच आठवड्यांत मराठवाड्यात लोक टँकरची वाट बघत होते! त्या पुराला आयओडी एकटा कारण अजिबात नाही, बंगालच्या उपसागरातली कमी दाबाची क्षेत्रं आणि घाटातला सलग पाऊस हे जवळचं कारण, धरणांतला विसर्ग हा आणखी वेगळा वादाचा विषय. आयओडीचा खरा जोर नंतर दिसला, मान्सूनचा परतीचा प्रवास 9 ऑक्टोबरपर्यंत सुरूच झाला नाही, अरबी समुद्रात क्यार आणि महा ही वादळं लागोपाठ आली, आणि काढणीला आलेलं सोयाबीन भिजलं, द्राक्षबागांचं पण वाटोळं झालं.

एवढं मोठं चित्र बघून पण तालुक्याचं उत्तर मिळत नाही, मिळेल असं कुणी सांगत असेल तर विश्वास ठेवू नका. हवामान खातं एप्रिलला पहिला अंदाज देतं आणि मेच्या शेवटी सुधारित, त्यात दोन्ही समुद्रांबद्दल लिहिलेलं असतं, मेचा जास्त कामाचा कारण एल निनोचा अंदाज वसंतात बांधणं अवघडच असतं. आणि गोदावरीवरच्या जायकवाडी धरणावर ज्यांची शेती अवलंबून आहे त्यांनी संभाजीनगरच्या आभाळाकडे कमी आणि नाशिक-नगरच्या घाटमाथ्याकडे जास्त लक्ष ठेवावं, 2019 ला मराठवाडा कोरडा असताना पण नाथसागर (जायकवाडीचाच जलाशय) भरला तो गोदावरीला नाशकात आलेल्या पुरानंच.