ठिपके गेले म्हणजे रोग गेला?

मासे पाळायला खाऱ्या पाण्याची टँक पहिल्यांदाच लावणाऱ्याची ओळख पांढऱ्या ठिपक्यांच्या रोगाशी बहुधा टँग मासा करून देतो. सकाळी दिवा लावावा तर माशाच्या अंगावर मीठ भुरभुरल्यासारखे पांढरे ठिपके. मासा दगडाला अंग घासतो, खाणं टाकतो. घाबरून पाण्यात काहीतरी घातलं जातं: लसणाचा रस, दुकानातलं निळं औषध, कुणी सांगितलेलं आणखी काही. चार-सहा दिवसांत ठिपके जातात आणि औषधाची कीर्ती पसरते. काही आठवड्यांनी ते परत येतात, तेही दुपटीने. या रोगाचा इतिहास म्हणजे बराचसा अशा फुकट मिळालेल्या श्रेयाचाच इतिहास आहे.

गोड्या पाण्यातला असाच रोग आधीपासून माहीत होता. त्याला कारणीभूत असलेल्या इक्थिओफ्थिरियस या सूक्ष्मजीवाचं वर्णन १८७६ मध्ये फूके यांनी केलं होतं. त्यामुळे समुद्री माशावर ठिपके दिसले की 'तोच तो' असं मानणं सोपं होतं. जपानमध्ये सिकामा यांनी १९३७ मध्ये समुद्री माशांवरच्या पांढऱ्या ठिपक्यांची नोंद केली. पुढे १९६१ मध्ये त्यांनी त्या परजीवीला नावही दिलं ते इक्थिओफ्थिरियसच्याच कुळातलं. पण तोवर उशीर झाला होता. लंडनच्या प्राणिसंग्रहालयातल्या माशांवरून ब्राउन यांनी १९५१ मध्येच त्याला 'क्रिप्टोकॅरिऑन इरिटन्स' म्हटलं होतं आणि आधीचं नाव म्हणून तेच टिकलं. क्रिप्टोकॅरिऑन म्हणजे ज्याचं केंद्रक लपलेलं आहे असा. दोन्ही परजीवी दिसायला आणि वागायला भावंडांसारखे असले तरी नातं लांबचं आहे, हे जनुकीय अभ्यासातून १९९० च्या दशकात स्पष्ट झालं. एकाचं औषध दुसऱ्याला का लागू पडत नाही, याचं थोडं उत्तर तिथे आहे.

जीवनचक्र कळल्यावर ठिपक्यांचं गौडबंगालही उलगडलं. ठिपका म्हणजे माशाच्या कातडीच्या वरच्या थरात शिरून तिथली ऊती खात वाढणारा परजीवी. वर माशाच्याच कातडीचं पांघरूण असल्याने पाण्यातलं औषध त्याच्यापर्यंत पोचत नाही. तीन ते सात दिवसांत पोट भरलं की तो आपण होऊनच मासा सोडतो, तळाशी किंवा दगडाला चिकटतो आणि स्वतःभोवती कवच करून आत विभागत राहतो. एका कवचातून शेकड्याने पिल्लं निघू शकतात आणि त्यांना एक-दोन दिवसांत मासा गाठावाच लागतो. समुद्रात बहुतेकांना तो सापडत नाही. शंभर लिटरच्या काचेच्या डब्यात मात्र चुकणार कोण? तेव्हा लसणाने जे 'बरं' केलं, ते लसणाविनाही तेवढ्याच दिवसांत झालं असतं.

या रोगावर वापरतात त्या तांब्याच्या औषधाची गोष्ट याहून जुन्या धाग्याशी जोडलेली आहे. लंडनमध्येच ब्राउन यांनी १९३० च्या दशकात समुद्री माशांचा आणखी एक जीवघेणा परजीवी नोंदवला होता. त्याचं आजचं नाव अमायलूडिनियम, पाळणाऱ्यांच्या भाषेत 'व्हेल्व्हेट'. याचे ठिपके फार बारीक, अंगावर पिठूळ धूळ बसावी तसे. पण तो आधी कल्ल्यांवर हल्ला करतो, त्यामुळे अंगावर काही दिसायच्या आतच मासा धापा टाकू लागतो. सॅन फ्रान्सिस्कोच्या स्टाइनहार्ट मत्स्यालयातल्या डेम्पस्टर यांनी १९५५ मध्ये यावर कॉपर सल्फेटचा, म्हणजे आपल्या मोरचुदाचा, उपाय लिहून ठेवला. द्राक्षं आणि सुपारीच्या बागांवर बोर्डो मिश्रणातून फवारतात तेच मोरचूद. तांबं मोकळ्या पोहणाऱ्या पिल्लांना मारतं म्हणून दोन्ही रोगांत चालतं. पण प्रवाळाची वाळू ते पाण्यातून ओढून घेते, प्रवाळ आणि कोळंबी त्याने मरतात, आणि मात्रा थोडी चढली तर मासाही. म्हणूनच औषध वेगळ्या, वाळू नसलेल्या टँकमध्ये द्यायचं, ही शिस्त आली.

१९७० मध्ये लोम आणि निग्रेली यांनी 'ब्रुकलिनेला' या आणखी एका परजीवीचं वर्णन केलं. न्यूयॉर्कचं मत्स्यालय ब्रुकलिनमध्ये आहे, त्यावरून हे नाव. क्लाउनफिशच्या अंगावर शेंबडासारखा थर येतो तो बहुधा हाच. याला तांबं दाद देत नाही, फॉर्मलिन लागतं. डोळ्यांनी बघून 'पांढरं आहे ना, घाला तांबं' असं ठरवणाऱ्याचा मासा इथे हकनाक जातो. कातडीवरचा चिकट थर हलकेच खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला तर गोल गोल फिरणारा क्रिप्टोकॅरिऑन, मुळं रोवून स्थिर बसलेला अमायलूडिनियम आणि हृदयाच्या आकाराची ब्रुकलिनेला सहज वेगळे ओळखू येतात. साधा विद्यार्थ्यांचा सूक्ष्मदर्शक पुरतो. तरी तो घेण्याऐवजी तेवढ्या पैशांत आणखी एक मासा घेतला जातो, याचं नवल वाटतं.

औषधाविनाचे दोन उपाय मत्स्यशेतीकडून आले. इस्राएलमधल्या एलात इथल्या कोलोर्नी यांनी १९८० च्या दशकात दाखवलं की खारटपणा बराच उतरवला तर क्रिप्टोकॅरिऑनचं कवच तग धरत नाही. माशाच्या रक्तातलं मीठ समुद्राच्या साधारण एक तृतीयांश असल्याने हाडं असलेल्या माशांना ते सोसतं. व्हेल्व्हेटला मात्र याने काही होत नाही, आणि तैवानमध्ये तर कमी खारट पाण्यातही टिकणारा क्रिप्टोकॅरिऑन सापडला. कोलोर्नी यांचाच दुसरा उपाय म्हणजे दर तीन दिवसांनी मासा स्वच्छ, कोरड्या केलेल्या टँकमध्ये हलवायचा, असं चार वेळा. गळून पडलेली कवचं मागे राहतात आणि पिल्लं निघेपर्यंत मासा पुढे गेलेला असतो.

परजीवी संपावा म्हणून मोठी टँक माशांविना किती दिवस ठेवायची, हा आकडा इंग्लंडमधल्या बर्जेस आणि मॅथ्यूज यांच्या १९९४ च्या कामावरून आला. त्यांनी हा परजीवी जाड ओठांच्या बोय माशावर पिढ्यानपिढ्या वाढवला. सगळी कवचं एकदम फुटत नाहीत, काही ७२ दिवसांपर्यंत थांबतात, हे त्यांना दिसलं. चार दिवस वर धरून पाळणाऱ्यांनी ७६ चा नियम केला. तेवढे दिवस मासे दुसरीकडे. प्रवाळ, शंख आणि खेकडे मात्र मोठ्या टँकमध्येच राहिले तरी चालतं, कारण निघालेल्या पिल्लांना त्यांचा काही उपयोग नसतो.